मानसिक आजारासाठी मागितलेले दिव्यांग साहाय्य नाकारले गेल्यास

निर्णयपत्र हाती येताच प्रथम अपिलाची मुदत पाहावी; ती संपत आली असेल, तर मोजक्या शब्दांत अपील दाखल करून पुरावे मागाहून जोडण्याची परवानगी मागावी. त्याच वेळी मूल्यमापन अहवालाची प्रत लेखी मागावी, कारण खरा वाद बहुधा त्यातील एखाद्या वाक्याशी असतो. ‘अर्जदार नीटनेटका होता, उत्तरे व्यवस्थित देत होता’ हे वर्णन एका चांगल्या दिवसाचे असते, आणि चढउताराच्या आजारात तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. केवळ निदान सांगणारे डॉक्टरांचे पत्र पुरत नाही. ‘प्रकृती स्थिर’ हे शब्द तर अंगाशी येतात. आंघोळ, औषधे, पैशांचा हिशेब, एकट्याने बाहेर पडणे यांपैकी कोणाच्या मदतीशिवाय काय जमत नाही आणि किती वेळा, हे डॉक्टरांच्या पत्रात यावे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘हूडास २.०’ ही प्रश्नावली मागील ३० दिवसांतील अशाच अडचणी विचारते, त्यामुळे मांडणीसाठी ती उपयोगी पडते. घरच्यांनी ठेवलेली रोजची नोंदवही जोडताना तिच्यातील बरे दिवस वगळू नयेत (सरसकट वाईट दिवसांच्या वहीवर कोणाचा विश्वास बसत नाही). अपील नातेवाईक करणार असल्यास रुग्णाचे लेखी संमतीपत्रही सोबत द्यावे.