रस्त्यावरची मिआटा ट्रॅकसाठी कशी तयार करावी: केज, पट्टे आणि ट्रेलर

माझदाची एमएक्स-५ मिआटा ही छोटी, दोन सीटची, उघडणाऱ्या छताची गाडी १९८९ साली अमेरिकेत विक्रीला आली आणि लगेचच हौशी मंडळींनी ती ट्रॅकवर न्यायला सुरुवात केली. वजन हजार किलोच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेंशन आणि सुटे भाग हवे तेव्हा हवे तेवढे. स्पेक मिआटा हा रेसिंगचा एक अख्खा वर्गच तिच्यावर उभा आहे. न्यू जर्सी, अटलांटा, बे एरिया या मराठी वस्तीच्या भागांतून मिलव्हिलचा न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क, रोड अटलांटा, लगुना सेका हे ट्रॅक गाठता येतात. त्यामुळे शनिवारी ट्रॅकवर आणि सोमवारी ऑफिसला अशी एकच गाडी वापरणारे बरेच आपले लोक आहेत. हळूहळू वेग वाढतो, मग कुणीतरी सुचवतं, ‘आता केज टाक.’

इथे थांबून एक निर्णय घ्यायला हवा. रोल केज, म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा पोलादी पाइपांचा पिंजरा, हेल्मेट घातलेल्या आणि पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या माणसासाठी असतो. तीच गाडी तुम्ही रस्त्यावर साध्या तीन टोकांच्या बेल्टने, उघड्या डोक्याने चालवलीत, तर किरकोळ धडकेतही डोकं पोलादी पाइपवर आदळू शकतं. पाइपवर फोम लावला तरी तो हेल्मेटची जागा घेत नाही. म्हणून केज बसला की गाडीचं रस्त्यावरचं आयुष्य संपलं असं धरा आणि ट्रेलरचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात घ्या. ट्रेलर परवडत नसेल तर केजही सध्या नको. मूळ गाडी, चांगले ब्रेक, तीन टोकांचा मूळ बेल्ट आणि अंगात मुरवलेला संयम एवढ्यावर बरीच वर्षं उत्तम शिकता येतं.

पायरी १: योग्य गाडी निवडा

१९९० ते १९९३ च्या मॉडेलना १.६ लिटरचं इंजिन होतं, १९९४ पासून १.८ लिटर आलं. ट्रॅकसाठी १.८ सोयीची. इंजिन मात्र नंतरही बदलता येतं, पत्र्याचं तसं नाही. दारांखालच्या सिल्समध्ये, मागच्या चाकाच्या कमानीजवळ गंज आहे का ते बघा. रंगाखाली फुगवटा दिसला तर आतला पत्रा बहुधा गेलेला असतो. केजचे पाय याच भागाच्या आसपास वेल्ड होतात आणि कुजक्या पत्र्यावर वेल्ड केलेला केज धडकेत फरशी फाडून खाली जातो. दिसायला देखणी पण गंजलेली गाडी सोडा. रंग उडालेली, सीट फाटलेली, पण खालून कोरडी असेल ती घ्या.

पायरी २: आधी थांबण्याची सोय

सगळ्यांना आधी टर्बो सुचतो. ताकद वाढवण्याचे पैसे बाजूला ठेवा आणि ब्रेक ऑइलपासून सुरुवात करा. साध्या डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २०५ अंश सेल्सिअस, तर डॉट ४ चा २३० अंश. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि ओलावल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. ट्रॅकच्या लांब सरळ भागाच्या शेवटी पुन्हापुन्हा ब्रेक मारल्यावर कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं) ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट फरशीला टेकतं. रेसिंगच्या ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० च्या वर असतो. ते भरा आणि नियमित बदलत राहा. पॅड ट्रॅकचे घ्या. थंड असताना ते आवाज करतात आणि नीट पकडत नाहीत, पण गाडी आता ट्रेलरवरून जाणार असल्यामुळे ती अडचण राहिली नाही.

चिकट टायर लावले की मिआटाच्या पुढच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या बेअरिंगच्या भागावर) फार ताण येतो. हब ही झिजणारी वस्तू आहे असं मानून ठरावीक काळाने बदला. ट्रॅकच्या प्रत्येक दिवसाआधी चाक जमिनीवरून उचला, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड जाणवली तर त्या दिवशी गाडी ट्रॅकवर जाणार नाही.

थंडाव्याची एक खास गोष्ट या इंजिनात आहे. मूळ रचना आडव्या बसवलेल्या इंजिनाची. मिआटात ते उभं बसवताना कूलंटची बाहेर जाण्याची वाट पुढे आणली गेली. त्यामुळे पाणी पुढूनच आत जातं आणि पुढूनच बाहेर पडतं, मागचा चौथा सिलिंडर जास्त तापतो. रस्त्यावर याने काही बिघडत नाही. ट्रॅकवर कायम गाडी धावणार असेल तर बाहेरची वाट पुन्हा मागे नेणारं किट बसवतात. रेडिएटर मोठा करा, आणि बंपरखालचं प्लास्टिकचं आवरण तुटलेलं असेल तर आधी ते लावा. त्याच्याशिवाय हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते.

पायरी ३: आतलं सामान काढा

गालिचे, छताचं कापड, साउंड सिस्टिम, हीटरचं अनावश्यक सामान काढून टाका. वजन कमी होतं हा फायदा आहेच, त्याहून मोठा फायदा असा की जळण्यासारखं काही उरत नाही. फरशीला चिकटलेला डांबरी थर ड्राय आइसने कडक करून हातोडीने ठोकला की तुकड्यांनी निघतो. हे काम हवेशीर जागेत करा, हातमोजे घाला.

एअरबॅग काढताना घाई नको. बॅटरीची तार सोडा, कंपनीच्या पुस्तिकेत दिला आहे तेवढा वेळ थांबा, आणि काढलेली बॅग गादीची बाजू वर ठेवून ठेवा. ती स्फोटक वस्तू आहे. खात्री नसेल तर गॅरेजकडून काढून घ्या. स्टिअरिंग सुटं होणारं बसवणार असाल तर चावीबरोबर अडकणारं स्टिअरिंग लॉकही काढून टाका.

पायरी ४: केज, सीट, पट्टे, मान – एकाच खेपेत

केज पुढच्या वर्षी, पट्टे आत्ता, मानेचं बघू नंतर असं हप्त्याहप्त्याने करू नका. या चारही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत आणि त्यातली एक नसेल तर बाकीच्या घात करू शकतात.

केजसाठी मिआटाच्या वजनाला दीड इंच व्यासाचा, ०.०९५ इंच जाडीचा, डीओएम प्रकारचा (साच्यावरून ओढून शिवण सपाट केलेला) पोलादी पाइप वापरतात. शिवण दिसणारा स्वस्त पाइप नको. केज बनवणारा निवडताना त्याने आधी केलेला केज उघड्या गाडीत बघायला मागा. पाइपच्या सांध्याभोवती वेल्ड पूर्ण फिरलेला आहे का, यावर नजर ठेवा. छताच्या गाडीत वरच्या सांध्याची छताकडची बाजू वेल्डरला दिसतच नाही आणि बरेचदा तिथे वेल्ड अर्धवट सुटतो. मिआटाचं छत उघडतं, त्यामुळे चारही बाजूंनी वेल्डिंगचा टॉर्च नेता येतो. इथे अर्धवट वेल्ड असेल तर त्याला सबब नाही. पाय फरशीला थेट न जोडता जाड पोलादी पट्टीवर उतरवावे, आणि ती पट्टी शक्य तिथे सिलच्या उभ्या भिंतीवरही चढवावी. ड्रायव्हरच्या बाजूला दाराच्या पोकळीत बाहेर झुकणारे आडवे पाइप घ्या. त्यासाठी दाराची काच आणि आतली पट्टी काढावी लागते, पण बरगडी आणि धडकणारी गाडी यांच्यात तेवढं अंतर मिळतं.

केज ठोकण्यापूर्वी सीट बसवून, हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसा. केजच्या डोक्यामागच्या कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत एक सरळ काठी ठेवा. हेल्मेट तिच्या दोन इंच खाली राहिलं पाहिजे. उंच माणसाला मिआटात हे जमणं कठीण असतं. सीट थेट फरशीवर बसवूनही जमत नसेल तर कमान उंच करून घ्या, मान वाकवून बसू नका.

सीट एकसंध पाठीची, एफआयए या जागतिक मोटर रेसिंग संघटनेचं प्रमाणपत्र असलेली घ्या. मागेपुढे झुकणारी मूळ सीट मागून धडक बसली की मोडते. त्यावर रेसिंगचे पट्टे लावले तर सीट मागे गेल्यावर पट्टे ढिले पडतात. पट्टे सहा टोकांचे. चार टोकांच्या पट्ट्यात खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात आणि तो हाडावरून सरकून पोटात रुततो. मांड्यांमधून येणारे पट्टे त्याला खाली धरून ठेवतात. खांद्याचे पट्टे सीटमागच्या आडव्या पाइपवर, सरळ किंवा किंचित उतरते जावे. ते मागच्या फरशीवर नेऊन बांधले तर धडकेत पाठीचा कणा दाबतात. पट्ट्याचं टोक तीन आडव्या दांड्यांच्या बकलमधून नेऊन पुन्हा उलट ओवावं लागतं. एकदाच ओवलेलं टोक हाताने ओढून सुटत नाही, पण धडकेत सुटू शकतं. प्रत्येक बकल स्वतः मोजून तपासा. अमेरिकेतल्या एसएफआय या सुरक्षा मानक संस्थेच्या १६.१ मानकाचे पट्टे दोन वर्षांनी बाद होतात, एफआयएचे पाच वर्षांनी. तारीख पट्ट्यावरच शिवलेली असते.

आता मान. शरीर सीटला जखडलं की धडकेत फक्त डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण कवटीच्या तळाशी येतो. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत रेसर डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू अशाच इजेने झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कार या अमेरिकी रेसिंग संस्थेने डोकं धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं. त्याआधीच, १९८० च्या दशकात, प्रा. रॉबर्ट हबर्ड आणि रेसर जिम डाउनिंग यांनी डोकं आणि मान धरून ठेवणारं हान्स हे साधन तयार केलं होतं. एसएफआय ३८.१ असा शिक्का असलेलं कुठलंही चालेल. रेसिंगचे पट्टे लावलेत आणि हे नाही घेतलंत, तर मूळ बेल्टपेक्षा मान जास्त धोक्यात येते. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या ‘एसए’ मानकाचं हवं. मोटरसायकलच्या ‘एम’ मानकात आगीची चाचणी नसते, आणि केजच्या पाइपवर पुन्हापुन्हा आदळण्याचीही नसते.

खिडकीची जाळी, बाहेरूनही ओढता येईल असा वीज तोडणारा स्विच, पुढे-मागे टो हुक आणि हाताच्या अंतरावर धातूच्या कंसात बसवलेलं अग्निशामक हेही याच खेपेत होऊ द्या. मग गाडीत बसून, पूर्ण पट्ट्यांत, डोळे मिटून बाहेर पडण्याचा सराव करा. जाळी, पट्टा, स्टिअरिंग, बाहेर. हात आपोआप जाईपर्यंत करा, कारण धुरात काही दिसत नाही.

पायरी ५: ट्रेलर

गाडी हजार किलो, उघडा पोलादी ट्रेलर साधारण सातशे ते नऊशे, टायर-अवजारं-पेट्रोल दीडशे-दोनशे. म्हणजे मागे दोन टनांचं ओझं. ओढणाऱ्या गाडीची क्षमता २,२७० किलो, म्हणजे ५,००० पौंड, ही तळाची रेषा समजा. त्याहून जास्त असेल तर उतारावर जीव थोडा शांत राहतो. या वजनाच्या ट्रेलरला बहुतेक राज्यांत स्वतःचे ब्रेक असणं कायद्याने बंधनकारक आहे. विजेचे ब्रेक, ड्रायव्हरजवळ त्यांचा कंट्रोलर, आणि हिच (ट्रेलर गाडीला जोडणारा सांधा) तुटली तर आपोआप ब्रेक लावणारा स्विच, तिन्ही चालू आहेत का ते निघण्यापूर्वी बघा.

ट्रेलर आणि त्यावरच्या ओझ्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर आला पाहिजे. कमी आला तर ट्रेलर महामार्गावर शेपटासारखा डोलायला लागतो. गाडी ट्रेलरवर थोडी पुढे-मागे करून हा भार जुळवा आणि जुळला की चाकांच्या जागी रंगाने खूण करा. डोलू लागलाच तर जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, हाताने ट्रेलरचे ब्रेक हळूच लावा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, शेजारची लेन कितीही पळत असली तरी.

चार रॅचेट पट्ट्यांनी गाडी बांधा, चाकांवरून जाळी टाकून किंवा खालच्या भक्कम जागांना. केजला बांधू नका, गाडी सस्पेंशनवर हलेल आणि पट्टे ढिले होतील. पहिल्या वीसेक किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. त्याच थांब्यावर ट्रेलरच्या हबजवळ हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा फार गरम लागला तर बेअरिंग खराब होत चाललं आहे. एक व्यवहाराची गोष्ट: ट्रेलरच्या मडगार्डमुळे मिआटाचं दार पूर्ण उघडत नाही. ट्रेलर विकत घेण्याआधी गाडी चढवून बघा, किंवा काढता येणारं मडगार्ड घ्या.

साध्या वाहन विम्यातून ट्रॅक बहुधा वगळलेला असतो. ट्रॅक दिवसाचा वेगळा विमा मिळतो, तो बघा आणि ट्रेलरचा विमाही स्वतंत्रपणे विचारा.

भारतात हे करायचं असेल तर वरच्या पायऱ्या त्याच, मात्र रस्त्याचा प्रश्न आणखी सरळ आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. केजवाली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे आरटीओला आमंत्रण. पुण्याहून कोइंबतूरच्या कारी ट्रॅकला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला गाडी फ्लॅटबेड ट्रकवरून न्यावी. हजारएक किलोमीटरचा प्रवास आहे, त्यामुळे दोघा-तिघांनी मिळून गाड्या पाठवल्या तर भाडं वाटून घेता येतं.

पायरी ६: पहिला दिवस

नवीन बांधलेल्या गाडीचं पहिलं सत्र निम्म्या वेगाने करा आणि परत या. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा, मिआटाला साधारण ११० न्यूटन-मीटर. खाली वाकून ऑइल, कूलंट, ब्रेकची नळी बघा. केजच्या पायांजवळ रंगाला बारीक तडा गेला आहे का ते टॉर्चने पाहा. सत्र संपल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडी ठोकळा लावा, आणि पुढच्या सत्राआधी तो काढायची आठवण राहावी म्हणून त्याला बांधलेली भडक रंगाची दोरी स्टिअरिंगवर अडकवून ठेवा.