घाण्याचं तेल आणि महिन्याचं माप

पुण्यात हल्ली गल्लोगल्ली लाकडी घाणे निघालेत, पण ‘शेंगदाणा की करडई’ हा वाद काही मिटत नाही. दोन्ही आलटूनपालटून आणा. करडईत बहुअसंतृप्त मेद जास्त, शेंगदाण्यात एकअसंतृप्त बऱ्यापैकी; हे मेदाचे (चरबीचे) दोन वेगळे प्रकार, म्हणून आलटूनपालटून. वरणभातावर चमचाभर तूपही चालतं (डॉक्टरांनी मना केलं नसेल तर!). खरी मेख मापात आहे: चौघांना महिन्याला 2 लिटर धरलं, तर माणशी रोज साधारण तीनच छोटे चमचे येतात. म्हणून डबा फोडला की त्यावर तारीख लिहा. चकल्या तळून उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीत संपवा, पुन्हा तळणीला नको. काळपट, चिकट झालं, फेस धरू लागलं तर सरळ टाका. मोरीत मात्र ओतू नका, पाइप तुंबतो.