डोळा दुखत नाही म्हणून थांबू नका: मधुमेहींनो, या चुका टाळा

निफाड तालुक्यातल्या आमच्या मामांना द्राक्षबागेच्या गोडी छाटणीच्या वेळी डोळ्यात काडी लागली. त्यांना साखर बारा वर्षांपासून. डोळा लाल झाला, पाणी आलं, पण दुखेना. वरवरचंच असणार, असं म्हणत त्यांनी उरलेली बाग छाटून घेतली. सहाव्या दिवशी आरशात बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तेव्हा कुठे नाशिक गाठलं.

"दुखत नाही ना? मग काही नाही"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक पटल, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, पण मज्जातंतूंची दाटी एवढी की धुळीचा कण गेला तरी जीव कासावीस होतो. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पाय बधिर होतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. तसेच हे डोळ्यातले तंतूही विरळ होत जातात.

बरं, हे तंतू फक्त दुखणं कळवत नाहीत. पापणी मिटवणं, अश्रू आणवणं, वरच्या पेशींना जोम देणं ही कामंही त्यांचीच. ते मंदावले की डोळा कोरडा पडतो आणि साधा ओरखडाही भरत नाही. एरवी असा ओरखडा दोन-तीन दिवसांत भरून येतो. मधुमेहात तो रेंगाळतो, आणि आलेला नवा थर खाली घट्ट चिकटत नाही. मग सकाळी डोळा उघडताना तोच पुन्हा सोलवटतो.

म्हणून मार लागल्यावर दुखण्यावर भरवसा ठेवू नका. एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघा. लाली, धूसरपणा, उजेडाचा त्रास किंवा पांढरा ठिपका, यांतलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

"मागच्या वेळची बाटली आहे की घरात"

डोळे आले होते तेव्हाची ती अर्धी बाटली टाकून द्या. मेडिकलमधून आणलेल्या 'लाली घालवणाऱ्या' थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन लिहिलेलं दिसेल. काडी, उसाचं पातं, कांद्याची पात यांनी झालेल्या जखमेत बुरशी शिरू शकते. स्टेरॉइडने लाली उतरते, बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. बधिर करणारे थेंबही घरी कधीच नकोत.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली तऱ्हा वेगळी. ग्राइंडिंगचा कण गेला की शेजारचा कामगार रुमालाच्या टोकाने काढून देतो. हात सराईत असेल, पण रुमाल कुठे कुठे फिरून आलेला असतो!

मध, गुलाबपाणी, रामकुंडाचं तीर्थ यांतलं काहीही डोळ्यात नको. श्रद्धेबद्दल बोलत नाहीये, जंतूंबद्दल बोलतोय. बोर्डो मिश्रण (बागेवर फवारायचं चुना-मोरचुदाचं औषध) कालवताना चुना उडाला, तर मात्र डॉक्टरची वाट न बघता तिथेच नळाखाली डोळा उघडा धरून किमान 15-20 मिनिटं धुवा, मग दवाखान्यात जा.

"डोळ्यातून पाणी येतं, मग कोरडे कसे?"

पृष्ठभाग कोरडा पडून चुरचुरला की डोळा एकदम भळाभळा पाणी सोडतो. ते टिकत नाही. अश्रू मोजायला खालच्या पापणीत कागदी पट्टी 5 मिनिटं ठेवतात. ती 5 मिमीपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणा बराच आहे. कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा.

पापण्या मिटून उघडल्यावर स्पष्ट दिसत असेल, तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबरात नसून अश्रूंत आहे. साखर वरखाली झाली तरी नंबर हलतो. ती काही आठवडे स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका.

"पडदा तपासलाय, सगळं ठीक आहे"

पडद्याची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या रेटिनाची, वार्षिक तपासणी हवीच, पण त्यात कॉर्नियाची संवेदना तपासली गेली असेलच असं नाही. साखर जुनी असेल तर डॉक्टरांना तसं विचारा. कापसाच्या बारीक धाग्याने ती बघतात, आणि ती बधिर करणारा थेंब टाकण्यापूर्वीच बघावी लागते. फ्लुरोसिन या रंगद्रव्याची केशरी पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं की सोलवटलेली जागा हिरवी चमकते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तर हे आवर्जून करून घ्या.

मामांना बुरशीच निघाली. नॅटामायसिनचे थेंब तासातासाला, रात्रीही अलार्म लावून, आणि असे कितीतरी आठवडे. डोळा वाचला, फूल, म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग, मात्र राहिलं. यंदाच्या छाटणीला ते गॉगल लावून उभे होते. एका मजुराला काडी लागली, तर "दुखतंय का?" असं विचारलंच नाही. आधी आरसा मागवला.