डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या रहिवाशाची आंघोळ: झटापट टाळायची कशी

ज्येष्ठांच्या निवासात हात उगारणे, ओरबाडणे, किंचाळणे हे प्रकार बऱ्याचदा आंघोळीच्या वेळीच होतात. रहिवाशाच्या बाजूने पाहिले तर कारण लगेच कळते. ओळख न पटलेले कुणीतरी येते, कपडे उतरवू लागते, गार खोलीत बसवते आणि डोक्यावर पाणी सोडते. अशा वेळी प्रतिकार करणाऱ्याला हट्टी कसे म्हणायचे? बदलायची असते ती आंघोळीची रीत.

सुरुवात माहितीपासून करा. घरच्यांना विचारा: आंघोळ सकाळची की झोपण्यापूर्वीची? बादली-तांब्या की शॉवर? पाणी कितपत कढत लागायचे? डोक्यावरून रोज घ्यायची सवय होती का? मदतीला बाई चालेल की पुरुष? गुडघा, खांदा, कंबर यांपैकी काय दुखते? उत्तरे एका पानावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. फाइलमध्ये ठेवलेले पान ऐनवेळी कुणी उघडत नाही. सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी देता येईल का, हे परिचारिकेकडून ठरवून घ्या. ‘आक्रमक’ असा शिक्का बसलेल्या कितीतरी जणांचा दुखरा खांदा कुणी तपासलेलाच नसतो.

खोली आधी ऊबदार करा. 24 ते 26 अंश सेल्सिअस बरे. पाणी 38 ते 40 अंश, आणि तेही थर्मामीटरने मोजून. मनगटावर पाहणे ही दुसरी खातरी. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांतच भाजते आणि डिमेन्शियात ‘पोळतंय’ हे शब्द वेळेवर सुचतीलच असे नाही. काळी पायपुसणी उचला, कारण ती खड्ड्यासारखी दिसते आणि पाय पुढे पडत नाही. आधाराचा दांडा मात्र भिंतीपेक्षा वेगळ्या, ठसठशीत रंगाचा हवा. आरशात कुणी परका उभा आहे असे वाटत असेल, तर आरसा झाका. शॉवरच्या खुर्चीवर पाय लोंबकळले की पडण्याची धास्ती वाटते, म्हणून पायाखाली पाट द्या आणि बैठकीवर टॉवेल अंथरा. साबण, कपडे, तीन-चार टॉवेल हाताशी ठेवूनच रहिवाशाला आणा. भिजल्या अंगाने थांबवून वस्तू शोधायला गेलात, तर तिथेच खेळ बिघडतो.

आता बोलणे. ‘आंघोळ करायची का?’ असे विचारले की ‘नाही’ हे सोपे उत्तर मिळते. समोरून या, डोळ्यांच्या पातळीला बसा, नाव घ्या आणि एकच छोटे वाक्य बोला: ‘पाय शेकू या का कोमट पाण्यानं?’ मग मनात दहा आकडे मोजा. मेंदूला तेवढा वेळ लागतो. तेवढ्यात वाक्य बदलून पुन्हा विचारले, तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. दोन मदतनीस असतील तर बोलणारी एकच. व्यक्तिकेंद्री काळजीचा, म्हणजे आजाराआधी माणूस पाहण्याचा, विचार डिमेन्शियाच्या क्षेत्रात रुजवणारे ब्रिटनचे टॉम किटवूड यांनी माणसाला खच्ची करणाऱ्या वागणुकीची यादी केली होती. तीत घाई करणेही आहे आणि मोठ्या माणसाला बाळासारखे वागवणेही. न्हाणीघरात ही दोन्ही जोडीने येतात. ‘चला हं, शहाणं बाळ ना!’ हे प्रेमाने म्हटले, तरी ऐकणाऱ्याला ते लागते.

पाणी पायांपासून सुरू करा, मग हात, मग धड. हाताचा शॉवर असेल तर धार हळू ठेवा आणि आधी रहिवाशाच्या तळव्यावर सोडा. खांद्यांवर आणि मांडीवर टॉवेल राहू द्या, धुवायचा तेवढाच भाग उघडा. टॉवेल भिजला तरी बिघडत नाही. एक ओला रुमाल त्यांच्या हातात द्या. हाताला काम मिळते, शिवाय जे स्वतःला जमते ते स्वतःच करता येते. गुप्तांग शेवटाकडे, आणि आधी सांगून. तोंडावर पाणी आले की भीती वाढते, म्हणून केस त्या दिवशी धुऊच नका. वेगळ्या दिवशी, खुर्चीत बसवून धुता येतात. श्रवणयंत्र अगदी शेवटच्या क्षणी काढा, कारण ते काढल्यावर तुमचा धीराचा शब्दही पोचत नाही.

न्हाणीघराचीच धास्ती असेल, तर पलंगावर टॉवेल-स्नान द्या. 2 लिटर पाणी, 40 ते 43 अंश, त्यात अंगावरून धुऊन काढावा न लागणारा साबण 30 ते 45 मिलिलीटर. अंगभर पुरेल असा मोठा टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून हे पाणी ओता, पिळून घ्या. अंगावर कोरडी चादर असू द्या. चादर खाली सरकवत जा आणि तिच्या जागी गरम टॉवेल पसरत या. टॉवेलवरूनच हलके चोळा. मग उलट क्रमाने टॉवेल गुंडाळत कोरडी चादर वर घ्या. पाठीसाठी दुसरा लहान टॉवेल, गुप्तांगासाठी वेगळा रुमाल. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांमधील 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आक्रमक प्रसंग व्यक्तिकेंद्री शॉवरने 53 टक्क्यांनी, तर टॉवेल-स्नानाने 60 टक्क्यांनी घटले होते.

हात झटकला, आवाज चढला, तर थांबा. पाणी बंद करा, अंग झाका, कोरडे करा. अर्ध्या तासाने पुन्हा विचारा किंवा त्या दिवशी चेहरा, हात, काखा आणि गुप्तांग एवढेच पुसा. एवढे पुसणे रोज झाले, तर पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोनदा बहुतेकांना पुरते. ‘आंघोळीपुरते’ शांत करणारे औषध मागू नका: तीव्र मनोविकारांवरील नव्या पिढीच्या (अँटीसायकोटिक) औषधांमुळे डिमेन्शिया असलेल्या ज्येष्ठांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिला आहे. कालपर्यंत शांत असलेली व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक बिथरली, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवे औषध यांचा संशय घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

नोंदीत ‘असहकार’ लिहिले, तर पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. ‘10:15, पाठीवर पाणी पडताच हात झटकला, टॉवेल टाकल्यावर शांत’ असे लिहिले, तर उद्याची मदतनीस पाठीवर आधी टॉवेल टाकते. व्यवस्थापकांनी वेळापत्रकात एकाच मदतनीसाचे नाव आणि 40 मिनिटे ठेवावीत. वीस मिनिटांत दोघांची आंघोळ बसवली, तर वरचे एकही पाऊल पाळता येणार नाही.