मालवाहू सायकलीवर घरचा बाजार
आठवड्याचा भाजीपाला, किराणा आणि शाळेत जाणारे मूल एवढ्यासाठी कार काढण्याऐवजी मालवाहू सायकल वापरायची असेल, तर आधी तिचा प्रकार ठरवावा. मागचा सांगाडा लांबवलेली सायकल जुन्या नाशकाच्या अरुंद गल्ल्यांत तुलनेने सहज वळते; पुढे पेटी असलेल्या सायकलीत मूल डोळ्यांसमोर राहते, मात्र तिला वळायला जागा अधिक लागते.

ओझे लादण्याची रीत आपल्याकडच्या दूधवाल्यांना केव्हापासूनच ठाऊक आहे: जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या. २० किलो गहू एकाच बाजूला लटकवला, तर सायकल उभ्या जागी कलंडते. म्हणून रुंद पायांचा डबल स्टँड हवाच.

रविवार कारंज्याकडून गोदाघाटाकडे उतरताना भरलेल्या सायकलीला थांबायला बरेच अंतर लागते, त्यामुळे दोन्ही ब्रेक उताराच्या सुरुवातीपासूनच हळूहळू दाबावेत, पावसाळ्यात तर विशेष जपून. परतीच्या चढासाठी मोटर घ्यायची झाल्यास ती २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या इतर अटींत बसणारी असावी. मग नोंदणीची गरज नसते.

पहिला आठवडा मैदानावर पाण्याचे कॅन लादून सराव करावा. मूल त्यानंतरच बसवावे.