स्मृतिपदक पाडताना या चुका टाळा

नाणे एका ठोक्यात पडते. उंच उठावाचे, म्हणजे चित्र पृष्ठभागावर बरेच वर आलेले स्मृतिपदक तसे पडत नाही, आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक इथेच होते. पदकावरच्या चेहऱ्याचे नाक नीट भरले नाही, की प्रेसचा दाब वाढवला जातो. पण प्रत्येक ठोक्यागणिक चांदी कडक होत जाते. मग ती ठशाच्या (उलटे चित्र कोरलेल्या साच्याच्या) खोल भागात सरकत नाही, ठशालाच तडा जातो. चांदीची चकती, म्हणजे ज्यावर पदक पाडायचे तो तुकडा, बाहेर काढा, तापवून मऊ करा आणि पुन्हा ठोका. उठाव जितका उंच, तितक्या फेऱ्या जास्त.

९२५ ची चांदी (हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबे) ६०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी. अंधाऱ्या जागी मंद लाली दिसली की पुरे. भर उजेडात ही लाली कळत नाही, चकती जास्त तापते, धातूचा दाणा (आतला स्फटिक) मोठा होतो आणि पुढच्या ठोक्यानंतर सपाट भाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागतो.

तापवल्यावर चढलेला काळा थर १० टक्के गंधकाम्लात काढा. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. त्यात लोखंडी चिमटा घातला तर चांदीवर तांब्याचा गुलाबी थर बसतो, म्हणून चिमटा तांब्याचा हवा. चकती धुऊन पूर्ण कोरडी करा. काळा थर राहिला तर तो ठोक्यासरशी धातूत रुततो. ठशावर तेल राहिले तर ते दाबाने आकसत नाही, ज्या खळग्यात साचते तिथली अक्षरे बोथट येतात.

दुसऱ्या फेरीला चकती ठशावर ठेवून बोटांनी हलकेच फिरवा. उठाव खळग्यात बसला की ती डगमगायची थांबते. केसभर जरी सरकलेली राहिली तरी अक्षरांना दुहेरी कडा येते, आणि असे पदक बहुधा भट्टीतच जाते.

अँटिक फिनिशसाठी (खोल भाग काळे, उंच भाग उजळ) पदक तेलकट नको. बोटाचा ठसाही डाग होऊन उमटतो. पोटॅशियम सल्फाइडचे द्रावण पातळ आणि कोमट ठेवा. दाट द्रावणात काळा थर झटपट चढतो खरा, पण पापुद्र्यासारखा सुटतो. उंच भाग उजळायला बफिंगचे चाक लावू नका. कोरणाऱ्याने जीव ओतून काढलेल्या कडा ते गोल करून टाकते. प्युमिसची (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची) बारीक ओली पूड बोटाने चोळा.

लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, शेवटी. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ते पांढुरके पडते. पदक आधी हाताला सोसेल इतके गरम करून घ्या.