पहिल्या वेटलिफ्टिंग स्पर्धेत पहिलं वजन हलकंच सांगा

स्नॅचचे (बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) तीन आणि क्लीन अँड जर्कचे (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) तीन, असे सहाच प्रयत्न मिळतात. बारवरचं वजन एकदा चढलं की खाली येत नाही. त्यामुळे पहिलं वजन जड सांगितलंत आणि स्नॅचचे तिन्ही प्रयत्न हुकले, तर टोटलच, म्हणजे दोन्ही प्रकारांतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीजच, लागत नाही. सरावात झोप नीट झाली नसतानाही, थकलेल्या अंगाने जे वजन तुम्ही हमखास उचलता, तेच पहिलं सांगा. तुमच्या सर्वोत्तम उचलीच्या ९० ते ९२ टक्क्यांच्या आसपास ठेवलं तर बरं. प्रशिक्षक आग्रह करत असले तरी पहिल्या वेळी मी यापुढे जाऊ देणार नाही.

नाव पुकारल्यावर घड्याळात एक मिनिट असतं. लागोपाठ तुमचाच प्रयत्न आला तर दोन मिनिटं. एक मिनिट पुरेसं आहे, धावू नका. खडू लावा, श्वास घ्या, मग बारला हात घाला.

आणि एक गोष्ट सरावातच अंगी बाणवा, कारण नवखे इथेच उचललेला प्रयत्न वाया घालवतात. बार डोक्यावर लॉक झाला की आनंदाने लगेच सोडायचा नाही. पाय एका रेषेत आणा, निश्चल उभे राहा, ‘डाउन’चा इशारा मिळेपर्यंत थांबा. सोडतानाही बार खांद्यांच्या खाली येईपर्यंत पकड सुटू देऊ नका. सरावात प्रत्येक उचलीनंतर मित्राला ‘डाउन’ म्हणायला सांगा.

शरीराचं वजन घटवण्याच्या नादाला मात्र पहिल्या स्पर्धेत लागूच नका. आज जे वजन आहे, त्याच वजनगटात उतरा.